सभासद की श्रोता? : राजकीय पक्ष, समाजमाध्यमे आणि आपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी राजकारणाचा विषय काढावा, हे आपल्यापैकी कित्येकांना रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे. परंतु व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय सुचविला तो हाच, आणि आम्ही तो दोन मर्यादा घालून स्वीकारला. पहिली मर्यादा आमच्या नोकरीची. आम्ही केंद्र सरकारचे सेवक. १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियमांनुसार आम्हांस कोणत्याही राजकीय पक्षाचे सभासद होता येत नाही. मत देता येते, पण ते कोणाला दिले अथवा देणार याची खूणही दाखविता येत नाही. तेव्हा आज कोणत्याही पक्षाची स्तुती वा निंदा आमच्याकडून ऐकावयास मिळणार नाही. दुसरी मर्यादा विषयाची. समाजमाध्यमांमुळे कोण जिंकले आणि कोण हरले, ही चर्चा वृत्तपत्रांतून भरपूर झाली आहे. आम्हांस बोलावयाचे आहे ते पक्ष आणि त्याचा साधा सभासद यांच्यातील नात्यासंबंधी. ज्याला पक्षाचे सभासदत्व निषिद्ध, त्याने सभासदत्वाचा विचार करावा यात थोडी गंमत आहे खरी. पण तीरावर उभ्या असलेल्या माणसाला कधी कधी प्रवाहाची दिशा अधिक स्पष्ट दिसते.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. सभेत बसणारा तो सभासद. बसणारा म्हणजे नुसती जागा अडविणारा नव्हे. त्या सभेत उठून बोलण्याचा, प्रश्न विचारण्याचा आणि ठरावावर हात वर करण्याचा ज्याला अधिकार आहे, तो सभासद. श्रोता निराळा. त्याने ऐकावे, आवडल्यास टाळ्या वाजवाव्यात, न आवडल्यास उठून जावे. समाजमाध्यमांनी या दोन शब्दांत तिसऱ्याची भर घातली आहे, तो म्हणजे 'फॉलोअर'. त्याला शुद्ध मराठीत अनुयायी म्हणावे, तर अनुयायाला निदान चालावे तरी लागते. येथे तेही कष्ट नाहीत.

राजकीय पक्षाला दोन कामे करावी लागतात, एक प्रचाराचे आणि दुसरे संघटनेचे. प्रचारात बोलणे वरून खाली जाते. संघटनेत ते खालून वरही यावे लागते. प्रचाराला श्रोते पुरतात, संघटनेला सभासद लागतात. आमचे आजचे प्रतिपादन थोडक्यात असे की, नव्या साधनांनी प्रचार अतोनात स्वस्त आणि वेगवान केला. संघटनेच्या बाबतीत मात्र त्यांनी सभासदांची संख्या वाढविली, सभासदाचा अधिकार वाढविला नाही. ही दोन कामे एकच आहेत असा जो समज पसरला आहे, त्यात लोकशाहीचे नुकसान आहे.

सभासदत्वाची किंमत किती असावी, हा प्रश्न आपल्या देशात शंभर वर्षांपूर्वीच उपस्थित झाला होता. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या अधिवेशनात राष्ट्रीय सभेने नवी घटना स्वीकारली. भाषावार प्रांतिक समित्या झाल्या आणि वार्षिक चार आणे वर्गणी देणाऱ्या प्रौढ माणसास सभासद होता येईल असे ठरले. पुढच्याच वर्षी बेझवाड्यास अखिल भारतीय समितीने तीन उद्दिष्टे घोषित केली : टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये, एक कोटी सभासद आणि वीस लाख चरखे. रुपये जमले, सभासदांची संख्या मात्र उद्दिष्टापर्यंत पोचली नाही. एक कोटी रुपये मिळविणे सोपे आणि एक कोटी माणसे मिळविणे अवघड, असे त्या काळी का झाले? कारण सरळ आहे. श्रीमंत माणूस एका धनादेशात हजारोंची भर घालू शकतो, पण सभासद नोंदवावयाचा म्हणजे कोणीतरी पावतीपुस्तक घेऊन दाराशी जावयाचे, चार आणे मागावयाचे, नाव लिहावयाचे आणि "हे चार आणे कशासाठी?" या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे. ते उत्तर देता देता कार्यकर्ताही घडत असे.

१९२४ साली बेळगावच्या अधिवेशनात महात्मा गांधी अध्यक्ष होते. तेथे चार आण्यांऐवजी दरमहा दोन हजार वार सूत ही सभासदत्वाची वर्गणी ठरली. कल्पना उदात्त होती, पण ती टिकली नाही. पुढच्याच वर्षी चार आण्यांचा पर्याय पुन्हा द्यावा लागला. किंमत फार वाढविली की सभा ओस पडते, हा त्या प्रयोगाचा धडा. किंमत मुळीच ठेवली नाही तर काय होते, हा धडा त्या पिढीला मिळाला नाही. तो आपल्या वाट्यास आला आहे.

प्रचाराची साधनेही त्या काळी तुटपुंजी होती असे नाही. प्रभातफेऱ्या होत्या, पोवाडे होते, भिंतीवरचे फलक होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्या आवाजाने मैदाने भरत. आचार्य अत्र्यांचे 'मराठा' दैनिक १९५६ साली याच चळवळीच्या धामधुमीत निघाले. मुंबईच्या गल्लोगल्ली पक्षशाखांच्या बाहेर खडूने लिहिलेला फळा असे. त्या फळ्यावर अतिशयोक्तीही पुष्कळ असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण फळा लिहिणारा माणूस समोरच राहत असे. दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात त्याला गाठून "हे काल काय लिहिलेस?" असे विचारता येत असे. प्रचार करणारा आणि संघटना चालविणारा हा एकच माणूस असल्यामुळे प्रचाराला संघटनेचा लगाम आपोआप बसे.

सरकारी माध्यमांतही एक मर्यादा पाळली गेली. १९७७ पासून आकाशवाणी व दूरदर्शनवर मान्यताप्राप्त पक्षांना निवडणूक-भाषणांसाठी विनामूल्य वेळ देण्याची पद्धत सुरू झाली. वेळ मोजून मिळे, सर्वांना ती भाषणे सारखीच ऐकू येत, आणि आपल्या विरोधकाने काय सांगितले हे प्रत्येक पक्षाला कळत असे.

आता आपण नव्या काळाकडे येऊ. फेसबुक २००४ चे, यूट्यूब २००५ चे, ट्विटर २००६ चे आणि व्हॉट्सअ‍ॅप २००९ चे. परंतु भारतीय राजकारणात सभासदनोंदणीचे रूप बदलले ते यांपैकी कशानेही नव्हे, तर आपल्या काटकसरीच्या सवयीने, म्हणजे मिस्ड कॉलने. "पोचल्यावर मिस्ड कॉल दे" हे वाक्य आपल्या घराघरांत रुळलेले होते. २०११ साली अण्णा हजारे यांच्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाने पाठिंबा नोंदविण्यासाठी याच मिस्ड कॉलचा उपयोग केला. १ नोव्हेंबर २०१४ रोजी भारतीय जनता पक्षाने मिस्ड कॉलद्वारे सभासदनोंदणीची देशव्यापी मोहीम सुरू केली आणि २०१५ मध्ये दहा कोटींहून अधिक सभासद झाल्याचे जाहीर केले. २ सप्टेंबर २०२४ पासून नव्या नोंदणीतही ही वाट खुली होती. काँग्रेस पक्षाने २०२१-२२ मध्ये भ्रमणध्वनीवरील अ‍ॅपच्या साहाय्याने नोंदणी करून अडीच कोटींहून अधिक डिजिटल सभासद झाल्याचे सांगितले. आम आदमी पक्षाने २०१४ च्या आरंभी सभासदत्व विनामूल्य केले. १९२१ साली जे साधले नाही, ते दसपटीने साधले. आणि तेही चार आणे न घेता.

संख्या सांगणाऱ्यांनाही तिचा अपुरेपणा जाणवला असावा. पहिल्या मोहिमेनंतर २०१५ साली त्याच पक्षाने 'महासंपर्क अभियान' हाती घेऊन, फोनवरून आलेल्या सभासदांना घरी जाऊन भेटण्याचे काम कार्यकर्त्यांना दिले. म्हणजे पावतीपुस्तक पुन्हा दाराशी आलेच. मात्र पूर्वी भेट आधी व नाव मागून, आता नाव आधी व भेट मागून. भेट झाली तर उत्तमच. न झाली तर पक्षाजवळ उरतो तो एक दूरध्वनी क्रमांक, ज्यावर संदेश पाठविता येतो. अशा माणसाला आम्ही सभासद म्हणू शकत नाही. तो श्रोता आहे, आणि तोही असा श्रोता की ज्याला सभागृहातून उठून जाण्याचीही गरज भासत नाही, कारण सभागृहच त्याच्या खिशात आहे.

यावर असे म्हटले जाईल की, नव्या साधनांनी सभासदाला मत देण्याचीही सोय केली आहे. हा मुद्दा महत्त्वाचा असल्याने त्याचा नीट विचार केला पाहिजे. डिसेंबर २०१३ मध्ये दिल्लीत सरकार बनवावे किंवा नाही, हा प्रश्न आम आदमी पक्षाने लघुसंदेश, दूरध्वनी आणि संकेतस्थळ यांच्याद्वारे लोकांपुढे ठेवला; त्याबरोबर वस्त्यावस्त्यांतून सभाही घेतल्या. जानेवारी २०२२ मध्ये पंजाबच्या मुख्यमंत्रिपदाचा उमेदवार कोण असावा हे त्याच पक्षाने दूरध्वनीवरून विचारले. डिसेंबर २०१८ मध्ये राजस्थान, मध्य प्रदेश व छत्तीसगड येथील मुख्यमंत्री ठरविण्यापूर्वी काँग्रेस पक्षाने 'शक्ती' या आपल्या अ‍ॅपच्या जाळ्यातून कार्यकर्त्यांचे मत मागविले. या प्रयत्नांत स्वागतार्ह अंश आहे. सामान्य कार्यकर्त्याला विचारण्याची इच्छा तरी झाली!

परंतु विचारणे आणि सभा घेणे यांत फरक आहे. सभेत ठराव मांडला की त्याला उपसूचना देता येते. "हे दोन्ही नकोत, तिसरे हवे" असे म्हणता येते. विरोधी भाषण ऐकून माणूस आपले मत बदलू शकतो. फोनवरच्या 'होकारासाठी एक दाबा, नकारासाठी दोन दाबा' या पद्धतीत उपसूचनेसाठी कळच नसते. प्रश्न वरून येतो, त्याचे शब्द वरून येतात, वेळ वरून ठरते आणि मोजणीही वरच होते. खालच्या माणसाकडे उरतो तो फक्त अंगठा.

आता खऱ्या मतदानाकडे पाहू. ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेस पक्षाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. तीत उमेदवारांना मिळालेली मते ७,८९७ आणि १,०७२. ती कागदी मतपत्रिकांवर, मतपेटीत, प्रतिनिधींनी दिलेली मते होती. अडीच कोटी नोंदणी आणि सुमारे साडेनऊ हजार मतदार, हे प्रमाण बोलके आहे. मात्र ती निवडणूक प्रत्यक्ष झाली व दोन उमेदवारांत झाली, हेही सांगितले पाहिजे. भारतीय जनता पक्षाचे अध्यक्ष २०१६ आणि २०२० मध्ये बिनविरोध निवडले गेले. पंजाबच्या उमेदवाराला दूरध्वनीवरच्या कौलात नव्वद टक्क्यांहून अधिक पाठिंबा असल्याचे पक्षाने जाहीर केले. तीन पक्ष, तीन रीती; परंतु कोटीच्या संख्येतील साध्या सभासदाचे मत पक्षाचा नेता ठरविताना निर्णायक झाले असे यांत कोठेही दिसत नाही.

परदेशातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. इटलीमध्ये २००९ साली विनोदी नट बेप्पे ग्रिल्लो आणि संगणक-व्यावसायिक कासालेज्जो यांनी 'पंचतारांकित चळवळ' या अर्थाच्या नावाचा पक्ष स्थापन केला. सगळा कारभार सभासदांनी संगणकावरून चालवावा ही त्यांची प्रतिज्ञा. त्यासाठी २०१६ पासून 'रूसो' नावाची यंत्रणा वापरात आली. सप्टेंबर २०१९ मध्ये नव्या आघाडी सरकारात जावे की नाही यावर सुमारे ऐंशी हजार सभासदांनी तीवर मतदान केले आणि होकार दिला. इतके प्रामाणिक मतदान आपल्याकडे झाले नाही हे मान्य केले पाहिजे. पण पुढे काय झाले? ती यंत्रणा पक्षाची नव्हती. कासालेज्जो यांच्या पुत्राच्या संस्थेची होती. पक्ष आणि संस्था यांचे बिनसले, तेव्हा सभासदांची यादीच पक्षाच्या हाती नव्हती. अखेर जून २०२१ मध्ये तेथील विदासंरक्षण प्राधिकरणाला ती यादी पक्षाच्या स्वाधीन करण्याचा आदेश द्यावा लागला. सभासदांची वही कोणाच्या कपाटात आहे, हा प्रश्न किती मूलभूत आहे ते यावरून दिसते. आपल्या मंडळाच्या चिटणिसांना तो निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

संघटनेविषयी एवढे पुरे. आता प्रचाराकडे वळू. समाजमाध्यमांचा प्रचार हवेतून होतो असे वाटते. वस्तुतः तो फार काटेकोर यंत्रणेने होतो. मतदारयादीच्या एकेका पानाची जबाबदारी एकेका कार्यकर्त्यावर सोपविण्याची 'पन्ना प्रमुख' पद्धत आता सर्वश्रुत आहे. एका पानावर सुमारे तीस नावे, म्हणजे सात-आठ घरे. ही पद्धत जुन्या संघटनशास्त्रातलीच आहे, आणि चांगली आहे. तिला जोड मिळाली मतदान केंद्रानुसार बनविलेल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांची. मजकूर, चित्र अथवा चित्रफीत एका ठिकाणी तयार होते. तेथून राज्य, जिल्हा, केंद्र अशी उतरत उतरत ती अशा गटांत येते की ज्यांना पक्षाचे नावही नसते. गृहसंस्थेचा गट, भजनी मंडळ, जुन्या वर्गमित्रांचा गट. तेथे ती पक्षाची म्हणून येत नाही. मावसभावाची म्हणून येते. प्रचाराची सगळी शक्ती या एका गोष्टीत आहे. भिंतीवरच्या पत्रकावर आपण शंका घेतो. मावसभावावर शंका घेणे आपल्याला जड जाते.

जाहिरातींचे तंत्र त्याहून सूक्ष्म. वय, भाषा, वस्ती आणि आवडीनिवडी पाहून जाहिरात कोणाला दाखवावी ते ठरविता येते. मैदानावर दिलेले वचन शेतकरी, व्यापारी, मालक, मजूर या सर्वांच्या कानांवर एकाच वेळी पडते. त्यामुळे वक्त्याला तोल सांभाळावा लागतो. फोनवर मात्र शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोघांना दोन वचने देता येतात, आणि दुसऱ्याला काय सांगितले ते पहिल्याला कधीच कळत नाही. २०१८ साली केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात सुमारे पावणेनऊ कोटी फेसबुक-वापरकर्त्यांची माहिती अनुचित रीतीने गेली असावी हे कंपनीनेच मान्य केले, तेव्हा या तंत्राची व्याप्ती जगाला समजली. १ एप्रिल २०१९ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, त्याच कंपनीने भारतातील परस्परविरोधी राजकीय बाजूंना अनुकूल असलेली शेकडो पाने व खाती, आपली खरी ओळख लपवून एकमेकांशी संगनमताने चालविल्याबद्दल काढून टाकली. दोष एकाच बाजूचा नव्हता, एवढे लक्षात ठेवावे.

खऱ्याखोट्याची शहानिशा न करता संदेश पुढे पाठविण्याचे पर्यवसान कोठपर्यंत होऊ शकते, याची आठवण आपल्या महाराष्ट्रातच आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. ती अफवा राजकीय नव्हती. पण ती ज्या वाटेने आली, त्याच वाटेने प्रचारही येतो. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. पाच माणसांचे प्राण गेल्यावर पाचाची मर्यादा आली, हा योगायोग मन विषण्ण करणारा आहे.

कायदा आणि निवडणूक आयोग स्वस्थ बसलेले नाहीत. २५ ऑक्टोबर २०१३ च्या आदेशाने आयोगाने उमेदवारांना आपल्या समाजमाध्यमांवरील खात्यांची माहिती शपथपत्रात देणे, तेथील राजकीय जाहिराती पूर्वप्रमाणित करून घेणे आणि त्यांचा खर्च हिशेबात धरणे बंधनकारक केले. मे २०२४ मध्ये खोटा अथवा बनावट मजकूर निदर्शनास आल्यापासून तीन तासांच्या आत काढून टाकावा, असे पक्षांना बजावले. मतदानापूर्वीच्या अठ्ठेचाळीस तासांच्या प्रचारबंदीची तरतूद १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहेच. तथापि मोठ्या राज्यांतील लोकसभा-उमेदवाराच्या खर्चाला २०२२ मध्ये ठरविलेली पंचाण्णव लाखांची मर्यादा असली, तरी पक्षाच्या खर्चाला कायद्याने मर्यादा नाही. शिवाय मावसभावाच्या संदेशाचा खर्च कोणत्या खात्यात लिहावयाचा? व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश २०१६ पासून गुप्तलिपीत जातात. नागरिकाच्या खाजगीपणाला ते हितकारक आहे. पण त्यामुळे त्या बंद दारामागे काय चालते ते बाहेरून मोजता येत नाही. कायदा फलक पाहू शकतो, कुजबूज ऐकू शकत नाही. तेथे माणसाचा विवेकच कामास येतो.

एवढे दोष सांगितले म्हणजे ही साधने टाकाऊ आहेत असे आम्हांस म्हणावयाचे नाही. ज्याच्याजवळ मोटारी नाहीत, वृत्तपत्र नाही, धनिकांचा आधार नाही, असा उमेदवारही आज आपले म्हणणे हजारोंपर्यंत नेऊ शकतो. घराबाहेर पडणे कठीण असलेल्या स्त्रियांना, वृद्धांना आणि अपंगांना सभेचे भाषण घरबसल्या ऐकता येते. लहान पक्षांना याचा लाभ झाला आहे, आणि मोठ्यांना प्रश्न विचारण्याची हिंमत पुष्कळांना आली आहे. तक्रार साधनाबद्दल नाही. साधनाने एका कामाची जागा दुसऱ्याला दिली, याबद्दल आहे.

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाविषयी. मंडळ स्थापन झाले तेव्हा शिवाजी पार्कवरील दसरा मेळाव्यातील भाषण आपल्याला दोन-चार दिवसांनी, टपालाने आलेल्या वृत्तपत्रातून वाचावयास मिळे. आज ते आपण त्याच क्षणी पाहतो. आपले मत या शहरात आहे, पाण्याचा नळ या शहरात आहे, मुलांची शाळा या शहरात आहे. परंतु आपले कान मात्र मुंबई-पुण्याच्या प्रचाराकडे लागलेले असतात. जेथे आपल्याला मत नाही तेथील उमेदवारांची नावे आपल्याला पाठ, आणि आपल्या प्रभागाचा नगरसेवक कोण हे विचारले तर शेजाऱ्याकडे पाहावे लागते! मातृभूमीची ओढ आम्हांसही आहे. पण प्रचाराला असे श्रोते फार सोयीचे असतात. ते मत देत नसल्यामुळे त्यांना उत्तर देण्याची गरज नसते, आणि संदेश पुढे पाठविण्याच्या कामी मात्र ते उपयोगी पडतात. जून २०२२ आणि जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्रातील दोन पक्ष दुभंगले, तेव्हा महाराष्ट्राबाहेरही मराठी माणसांच्या गटांत कडाक्याची भांडणे झाली, आणि वर्षानुवर्षे एका पंक्तीस बसणाऱ्यांनी एकमेकांशी अबोला धरल्याचे आम्ही पाहिले.

त्या दोन दुफळींतही आमच्या विषयाचा एक धागा आहे. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांवर निर्णय दिले. पक्षाचे नाव व चिन्ह कोणाचे हे ठरविताना संघटनेतील बहुमताची कसोटी निर्णायक ठरू शकली नाही, म्हणून दोन्ही वेळा आयोगाने विधिमंडळ पक्षातील बहुमताची कसोटी लावली. निर्णय योग्य की अयोग्य याविषयी आम्ही बोलणार नाही. ते वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि आमची मर्यादा आम्ही आरंभीच सांगितली आहे. पण त्यातून निघणारा बोध कोणत्याही एका पक्षापुरता नाही. पक्षावर आणीबाणीचा प्रसंग येतो तेव्हा 'पक्ष म्हणजे कोण?' असा प्रश्न विचारला जातो. त्या वेळी नियमित सभा, नियमित निवडणुका आणि निर्विवाद सभासदवही असेल, तरच साध्या सभासदाला "पक्ष म्हणजे आम्ही" असे उत्तर देता येते. लाखो 'फॉलोअर' त्या दिवशी साक्षीला येत नाहीत.

मग उपाय काय? मोठे उपाय विधिमंडळांनी व न्यायालयांनी करावयाचे. आपल्या हातातले तीन लहान उपाय आम्ही सुचवितो. पहिला, आलेला संदेश पुढे पाठविण्यापूर्वी तो कोणी लिहिला, कधीचा आहे आणि त्यावर खर्च कोणी केला, एवढे स्वतःला विचारावे. उत्तर न मिळाल्यास तो तेथेच थांबवावा. आपल्यापाशी थांबलेली अफवा ही आपली देशसेवाच आहे. दुसरा उपाय, आपल्यापैकी जे सरकारी नोकरीत नाहीत आणि ज्यांना एखादा पक्ष मनापासून पटतो, त्यांनी मिस्ड कॉल देऊन थांबू नये. शाखेत जावे, वर्गणी द्यावी, पावती मागावी, आणि "पुढची सभा कधी, आणि तीत मला बोलता येईल का?" असे विचारावे. या एका प्रश्नाने पक्षाची परीक्षा होते. तिसरा, जेथे आपले मत आहे तेथे आपला कान असावा. महाराष्ट्राचे भाषण जरूर ऐकावे, पण प्रभागाच्या बैठकीस स्वतः जावे.

आणि हाच नियम आपल्या मंडळालाही लागू आहे. पोस्टकार्डावर सभेची सूचना पाठविण्याच्या काळापासून मंडळ आज व्हॉट्सअ‍ॅपच्या गटापर्यंत आले. गटावर गणेशोत्सवाच्या छायाचित्रांना शेकडो अंगठे उमटतात. वार्षिक सर्वसाधारण सभेला मात्र गणसंख्येसाठी अर्धा तास थांबावे लागते. कार्यकारिणीला हे ठाऊक आहे, आणि येथे बसलेल्या प्रत्येकालाही ठाऊक आहे. पन्नास वर्षांपूर्वी ज्या मंडळींनी या संस्थेची घटना लिहिली, त्यांनी तीत 'श्रोता' अथवा 'अनुयायी' असा शब्द घातला नाही. त्यांनी 'सभासद' हा शब्द घातला, त्याला वर्गणी लावली, मत दिले आणि वर्षातून एकदा हिशेब विचारण्याचा अधिकार दिला. एखाद्या राजकीय पक्षाला लोकशाही शिकविण्याइतके आपण मोठे नाही. पण आपल्या सभेला वेळेवर येऊन हिशेबावर एक प्रश्न विचारण्याइतके मोठे आपण सर्वजण निश्चित आहोत. पुढील सर्वसाधारण सभेची सूचना चिटणीस लवकरच काढणार आहेत, असे कळते. ती सूचना वाचून अंगठा दाखवू नये. यावे, अशी विनंती आहे.